गर्भनिरोधक इंजेक्शन आणि मेंदूची गाठ : दावा कुठे, कोणावर आणि किती मुदतीत?

गर्भनिरोधक इंजेक्शन आणि मेंदूच्या आवरणावरील गाठ यांच्या संबंधाविषयी, तसेच त्यावरून अमेरिकेत चाललेल्या दाव्यांविषयी, या सदराकडे अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रे, ओळख पटेल असे तपशील गाळून, येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतर अनेकांच्या प्रश्नांची उत्तरेही त्यातच येतात.

प्रश्न : माझे वय ४६. दुसऱ्या बाळंतपणानंतर २०१५ ते २०२१ या काळात मी दर तीन महिन्यांनी एका खासगी डॉक्टरबाईंकडे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये मेंदूच्या आवरणावरची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झाली. अहवालात ‘मेनिंजिओमा, ग्रेड वन’ असे लिहिले आहे. एका डोळ्याची नजर अजून पूर्ण परत आलेली नाही. या जानेवारीत अमेरिकेतल्या भाच्याने कळवले की, तिथे अशा शेकडो बायकांनी औषध कंपनीवर दावे लावले आहेत. त्यांत मला माझे नाव घालता येईल का? की इथेच काही करता येईल? डॉक्टरबाईंना कोर्टात ओढायची माझी इच्छा नाही.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी मुदतीचे बोलू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार दाव्याचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. औषधाच्या दुष्परिणामाच्या बाबतीत हे कारण नेमके कधी उद्भवले, यावर वाद घालता येतो : शेवटचे इंजेक्शन घेतले तेव्हा, गाठ कळली तेव्हा, की तिचा औषधाशी संबंध असू शकतो हे समजले तेव्हा? भाच्याचा निरोप जानेवारीत आला म्हणून मुदत जानेवारीपासून मोजण्याचा मोह तुम्हाला होईल, तो टाळा. गोव्यातील सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका महिलेच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी राहिलेले गॉज सुमारे नऊ वर्षांनी उघडकीस आले, तेव्हा तिने केलेल्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला. लपून राहिलेल्या इजेच्या बाबतीत मुदत ती इजा कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळू शकली असती तेव्हापासून मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने त्यात मांडले. पण इतकी वर्षे दुखणे सोसूनही वेळेवर तपासणी करून घेतली नाही म्हणून त्याच निकालात तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. तत्त्व बाजूने आणि निकाल विरुद्ध, असे न्यायालयात होत असते. तेव्हा गाठीचा तपासणी अहवाल हाती आला तो दिवस धरून चाला आणि ऑगस्ट २०२६ उजाडण्यापूर्वी तक्रार दाखल होईल असे पाहा. उशीर झाल्यास पुरेशा कारणासह विलंब माफीचा अर्ज करता येतो, परंतु त्या अर्जाच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये.

आता अमेरिकेचे. हे दावे डेपो-प्रोव्हेरा या इंजेक्शनावरून चालले आहेत. त्यातील औषध मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन अ‍ॅसिटेट. स्नायूत १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. वेगवेगळ्या राज्यांतील संघीय न्यायालयांत दाखल झालेले दावे फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लोरिडातील पेन्साकोला येथे न्यायाधीश एम. केसी रॉजर्स यांच्यापुढे एकत्र आणण्यात आले असून फायझर ही त्यांतील प्रमुख प्रतिवादी कंपनी आहे. ‘एकत्र’ याचा अर्थ असा, की कागदपत्रांची देवाणघेवाण, तज्ज्ञांच्या साक्षींची ग्राह्यता आणि सर्वांना समान असलेले कायद्याचे मुद्दे एका ठिकाणी ऐकले जातात. प्रत्येक बाईचा दावा मात्र तिचा स्वतंत्रच राहतो. त्यामुळे ‘नाव घालणे’ अशी सोय तिथे नाही. तुमच्या बाबतीत दोन अडचणी आणखी आहेत. इंजेक्शन गोव्यात विकत घेतलेले, गोव्यात दिलेले, उपचारही येथलेच; अशा दाव्यात अमेरिकी न्यायालये ‘तुमच्या देशातले न्यायालय अधिक सोयीचे’ असे म्हणून हात झटकू शकतात. भोपाळ वायुदुर्घटनेचे दावे न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉन कीनन यांनी १९८६ मध्ये याच कारणावरून भारतात परत पाठवले होते, आणि तिथे तर हजारो माणसांच्या मृत्यूचा प्रश्न होता. दुसरी अडचण अशी की, हे औषध आपल्याकडे अनेक कंपन्या आपापल्या नावाने बनवतात. तुम्हाला दिलेली कुपी कोणत्या कंपनीची होती, हे तुमच्या पत्रात नाही, आणि बहुधा तुम्हालाही ते ठाऊक नसावे. फ्लोरिडातील दाव्यांत असलेली कंपनी तुमची प्रतिवादी आहे की नाही, हेच अजून ठरलेले नाही.

तरीही त्या दाव्यांकडे पाठ फिरवू नका, कारण ते ज्या संशोधनावर उभे आहेत ते तुम्हालाही उपयोगी पडेल. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने फ्रान्समधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००९ ते २०१८ या काळात मेनिंजिओमासाठी शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ महिला आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या, पण ही गाठ नसलेल्या ९०,३०५ महिला यांची त्यात तुलना होती. पहिल्या गटातील ९ जणींनी आणि दुसऱ्या गटातील ११ जणींनी हे इंजेक्शन घेतलेले होते. दुसरा गट पाचपट मोठा आहे, म्हणजे इंजेक्शनाचा काही संबंध नसता तर पहिल्या गटात दोन-एक जणी सापडायला हव्या होत्या, सापडल्या नऊ. त्यावरून धोका सुमारे साडेपाचपट निघाला आणि तो वर्षभर किंवा अधिक काळ वापर करणाऱ्यांशी निगडित होता. परंतु नऊ हा आकडा लहान आहे. म्हणूनच अंदाजाची कक्षा सव्वादोनपटीपासून साडेतेरापटीपर्यंत पसरलेली आहे, आणि कंपनीचा वकील नेमके त्यावर बोट ठेवणार. २०२५ मध्ये अमेरिकेतील रुग्णनोंदींवरून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हा धोका सुमारे अडीचपट आढळला. चार वर्षांहून अधिक काळ इंजेक्शन घेतलेल्या, किंवा तिशी ओलांडल्यावर ते सुरू केलेल्या महिलांमध्ये तो ठळक होता. तुम्ही सुरुवात केली पस्तिशीच्या सुमारास आणि ते चालवले सहा वर्षे.

दाव्याच्या दृष्टीने ‘दुपटीहून अधिक’ हा टप्पा महत्त्वाचा असतो. दिवाणी स्वरूपाच्या वादात गोष्ट निःसंशय सिद्ध करावी लागत नाही. ती घडली असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, एवढे दाखवावे लागते. धोका दुपटीहून अधिक वाढत असेल, तर इंजेक्शन घेतलेल्या आणि गाठ झालेल्या महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींची गाठ त्या इंजेक्शनाच्या पदरी घालता येते, असा युक्तिवाद उभा राहतो. त्या निम्म्याहून अधिकांत तुम्ही आहात की उरलेल्यांत, हे मात्र कोणताही अभ्यास सांगत नाही. ही गाठ इंजेक्शन न घेतलेल्यांनाही होते, पुरुषांपेक्षा बायकांना सुमारे दुपटीने होते, आणि डोक्याला पूर्वी दिलेले किरणोपचार किंवा काही आनुवंशिक दोष हीही तिची ज्ञात कारणे आहेत. तुमच्या बाबतीत ती कारणे नाहीत, असे मेंदूशल्यविशारदाकडून लेखी घ्यावे लागेल. यासंबंधात एक बारीकशी पण मोलाची गोष्ट : शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे पॅराफिन ब्लॉकमध्ये, पॅथॉलॉजी विभाग जपून ठेवतो. त्यावर प्रोजेस्टेरोन रिसेप्टरची, म्हणजे या इंजेक्शनासारखी हार्मोने पेशीत जिथे चिकटतात त्या जागांची, चाचणी करता येते. बहुतेक मेनिंजिओमांमध्ये हे रिसेप्टर असतातच, त्यामुळे ते सापडले म्हणून दावा जिंकला असे होणार नाही. पण ते नसल्यास दाव्याला मोठे भगदाड पडेल. वकिलाला भेटण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे.

आता आपल्याकडचा कायदा. २०१९ च्या कायद्यातील सहाव्या प्रकरणात, कलम ८२ ते ८७ मध्ये, उत्पादन दायित्वाची तरतूद आहे. उत्पादनासोबत पुरेशा सूचना किंवा इशारा नसल्यास उत्पादक जबाबदार ठरू शकतो, असे कलम ८४ सांगते. हे प्रकरण २० जुलै २०२० पासून अमलात आले. तुमची बहुतेक इंजेक्शने त्याआधीची, काही नंतरची. आधीच्या इंजेक्शनांना नव्या तरतुदी लावता येत नाहीत असा आक्षेप हमखास येईल, म्हणून जुलै २०२० नंतरच्या प्रत्येक मात्रेचा पुरावा स्वतंत्रपणे गोळा करा. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. फ्रान्सचा अभ्यास २०२४ चा, तुमचे शेवटचे इंजेक्शन २०२१ चे. जे तेव्हा माहीत नव्हते त्याचा इशारा देणार कसा, असे कंपनी म्हणेल. त्यावर उत्तर आहे. मेनिंजिओमामध्ये प्रोजेस्टेरोन रिसेप्टर असतात, हे १९८० च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात आहे, आणि याच जातकुळीतील सायप्रोटेरोन या औषधाच्या वापरावर मेनिंजिओमाच्याच कारणाने युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये निर्बंध आणले होते. शेजारच्या औषधावर निर्बंध आल्यावर आपल्या औषधाची तपासणी करायला हवी होती, हा तुमचा मुद्दा. ग्राहक आयोगाला तो पटेलच असे नाही. पण तो पोकळ नाही.

अमेरिकेतील मुख्य तंटाही इशाऱ्याचाच आहे. आम्ही धोक्याचा इशारा छापण्याची परवानगी मागितली होती, तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ती नाकारली, मग आम्हाला दोष कसा देता, असा फायझरचा बचाव आहे. पुढे २०२५ च्या अखेरीस त्याच प्रशासनाने मेनिंजिओमाचा इशारा माहितीपत्रकात घालण्यास मंजुरी दिली. युरोपात तशी शिफारस २०२४ मध्येच झाली होती. तुमच्या तक्रारीसोबत ही घटनाक्रमाची माहिती जोडता येईल, परंतु आपल्या आयोगापुढे खरा प्रश्न राहील तो भारतात विकलेल्या त्या कुपीसोबतच्या, त्या वर्षीच्या पत्रकात काय छापले होते, हा.

यापुढचा मुद्दा तुमच्या डॉक्टरबाईंचा. त्यांना प्रतिवादी न करण्याचा तुमचा विचार केवळ सौजन्याचा नसून कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे. रुग्णाला संमतीपूर्वी किती माहिती द्यावी, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समिरा कोहली प्रकरणात जो दंडक घालून दिला, त्यात प्रत्येक दूरच्या व दुर्मीळ धोक्याची यादी डॉक्टरने वाचून दाखवावी, अशी अपेक्षा नाही. २०१५ मध्ये कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाने मेनिंजिओमाचा उल्लेख केला नसता. उलट त्या तुमच्या महत्त्वाच्या साक्षीदार ठरू शकतात. कलम ८७ मध्ये उत्पादकाला एक पळवाट ठेवलेली आहे : जे उत्पादन कायद्याने तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचे असते, त्याच्या धोक्याची सूचना वाजवी मार्गाने त्या तज्ज्ञाला दिली असेल, तर रुग्णाला थेट इशारा दिला नाही म्हणून उत्पादक दोषी ठरत नाही. हे इंजेक्शन त्याच प्रकारात मोडते. म्हणजे सारा भर एका प्रश्नावर येऊन पडतो : कंपनीने तुमच्या डॉक्टरबाईंना हा धोका कधी, कोणत्या कागदाने कळवला? ‘कधीच कळवला नाही’ असे प्रतिज्ञापत्र त्यांनी दिले, तर ती पळवाट बुजवण्याचे सर्वांत मजबूत साधन तुमच्या हाती येईल. ज्या बाईंना प्रतिवादी करायचे, त्यांच्याकडून असे प्रतिज्ञापत्र मिळत नसते.

तेव्हा उद्याच करायचे काम म्हणजे डॉक्टरबाईंकडे जाऊन तुमच्या नोंदींची प्रत मागणे. प्रत्येक मात्रेची तारीख, औषधाचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक त्यात असावा. इंजेक्शन तुम्ही स्वतः औषधालयातून आणून देत असाल, तर त्या औषधालयाच्या बिलांच्या नोंदी पाहा. बिलावर बॅच क्रमांक असतो. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे आणि मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेचे केसपेपर, एमआरआय आणि गाठीचा अहवाल तुम्हाला आत्ता विनासायास मिळेल. दवाखान्यातील २०१५ ची वही मात्र कोणी सांभाळली असेल तर ते नशीब.

तक्रार जिल्हा आयोगापुढे चालेल, कारण आयोगाची पायरी आता मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर मोजलेल्या किमतीवरून ठरते आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे येतात. किंमत पाच लाखांच्या आत असल्यास शुल्कही नाही. तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा कलम ३४ देते, तेव्हा उत्तर गोवा जिल्हा आयोग तुम्हाला पुरे. कंपनी कुठलीही असो. वकिलाचा खर्च झेपणारा नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा; १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००. तज्ज्ञांची उलटतपासणी फार लांबेल असे वाटल्यास आयोग तुम्हाला दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवू शकतो, ही शक्यताही धरून ठेवा. (दिवाणी दाव्याची मुदत पोर्तुगीज संहितेप्रमाणे मोजायची की १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, हा प्रश्न गोव्यातील जुन्या मंडळींना अजून पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो १९६३ च्या कायद्याच्या बाजूने निकालात काढला आहे.)

प्रश्न : मी गेली दोन वर्षे सरकारी आरोग्य केंद्रात ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत घेते. बातमी वाचल्यापासून झोप लागत नाही. डोके अधूनमधून दुखते. इंजेक्शन लगेच बंद करू का? सरकारकडे भरपाई मागता येईल का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : ‘अंतरा’ म्हणजे हेच औषध. सरकारी कार्यक्रमात ते २०१७ पासून आले. त्याआधी महिला संघटनांनी गर्भनिरोधक इंजेक्शनांच्या विरोधात १९८६ पासून सर्वोच्च न्यायालयात लढा दिला होता. चाचण्या पुरेशा नाहीत आणि बायकांना पूर्ण माहिती दिली जात नाही, हा त्यांचा आक्षेप आज वाचताना जुना वाटत नाही.

भरपाईचे उत्तर नकारार्थी आहे. भीती ही कायद्याच्या भाषेत इजा नव्हे. मनस्तापाची भरपाई शारीरिक इजा किंवा आजार यांच्या जोडीनेच मिळते. शिवाय सर्वांना मोफत दिली जाणारी सरकारी सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवून दिले आहे.

इंजेक्शनाविषयी बोलायचे तर धोका काही पटींनी वाढतो, पण मुळात तो फार लहान आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी अभ्यासाच्या हिशेबाने हजाराहून अधिक महिलांनी ते घेतल्यावर एखादीला त्यामुळे जादा गाठ होते. केवळ भीतीपोटी एमआरआय काढण्याची गरज नाही. डोकेदुखी वाढत चालली असेल, सकाळी उठताना अधिक असेल, नजर अंधूक होत असेल, ऐकू कमी येत असेल, झटका आला असेल किंवा हातापायात बळ कमी वाटत असेल, तर मात्र थांबू नका. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बांबोळीला जाऊन दाखवा आणि इंजेक्शन घेत असल्याचे स्वतःहून सांगा, कारण ते विचारले जाईलच असे नाही. पुढची मात्रा ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येते, म्हणजे विचार करायला अवधी आहे. बंद करायचे ठरवलेत तर दुसरे साधन आधी नक्की करा. तांबीत हार्मोन नसते, आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणाऱ्या गर्भाशयातील साधनाने फ्रान्सच्या अभ्यासात धोका वाढलेला दिसला नाही. ‘अंतरा’चे कार्ड फेकू नका. प्रत्येक मात्रेची तारीख त्यावर असते.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतो आहे : ‘अमेरिकेच्या खटल्यात भारतीय महिलांची नोंदणी सुरू, फाइल उघडण्याचे शुल्क आगाऊ भरा, भरपाईच्या तीस टक्के आमचे.’ पत्नीच्या नावाने भरावे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : एक पैसाही भरू नका. अमेरिकेत असे दावे चालवणारे वकील निकालानंतर भरपाईतून आपला वाटा घेतात, आगाऊ शुल्क मागत नाहीत. भारतातील वकिलाला तर निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास आणि जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. म्हणजे निरोप पाठवणारा वकील असेल तर नियम मोडतो आहे, आणि वकील नसेल तर तो कोण हे वेगळे सांगायला नको. पत्नीचे वैद्यकीय कागद किंवा आधार कार्ड आधीच पाठवले असेल, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आजच कळवा.

प्रश्न : माझी धाकटी बहीण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला स्थायिक आहे. तिथल्या दवाखान्यात तिने अनेक वर्षे हे इंजेक्शन घेतले आणि गेल्या वर्षी तिला मेनिंजिओमा निघाला. तिने दावा गोव्यात करावा की तिकडे?
— एक वाचक, केपे

उत्तर : तिकडेच. इंजेक्शन तिथे दिले, गाठ तिथे निघाली आणि सारे पुरावे तिथल्या दवाखान्यात आहेत. गोव्यात दावा लावून काही साधणार नाही. इंग्लंडमध्ये अशा दाव्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि ती इजा व तिचा संभाव्य कारणाशी असलेला संबंध कळल्यापासून मोजली जाते. त्यामुळे तुमच्या बहिणीला मुदतीची चिंता वरच्या डिचोलीच्या वाचक भगिनींइतकी नाही. परंतु तिथल्या १९८७ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुसरी एक भिंत आहे : उत्पादनाचा तो विशिष्ट नग बाजारात आल्यापासून दहा वर्षे उलटली की त्या कायद्याखालचा हक्क संपतो, मग गाठ कधीही निघो. बहिणीने पंधरा वर्षांपूर्वी सुरुवात केली असेल, तर आरंभीच्या मात्रांवर त्या कायद्याने दावा करता येणार नाही; नंतरच्या मात्रांवर येईल, आणि दर तीन महिन्यांनी एकेका मात्रेची दहा वर्षे भरत जातील. म्हणून तिने तिथल्या दवाखान्याकडे आपल्या संपूर्ण नोंदी लेखी मागाव्यात (त्या मोफत मिळतात) आणि औषधांच्या दाव्यांचे काम करणाऱ्या तिथल्या सॉलिसिटरकडे या महिन्यातच जावे. लग्नापूर्वी गोव्यात एखाद-दुसरी मात्रा घेतलेली असल्यास तेही त्याला सांगावे. समोरच्या बाजूला ते नंतर सापडले, तर लपवल्यासारखे दिसेल.